खालून मोजलेले दगड

४ ऑक्टोबर

हो म्हणून बसले! आता निस्तरा.

सकाळी आमच्या जतन समितीच्या अध्यक्षांचा फोन. कपाट आणि टोपी, या दोन इमारतींपैकी एकच जतनाच्या यादीत जाणार. दोन्ही एकाच कंपनीच्या. कंपनीचं म्हणणं — एक आहे तशी ठेवतो, दुसरीचा दगड उतरवून सपाट काच लावतो, कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा. मात्र जिची दुरुस्ती मोठी निघेल ती ठेवणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. समितीला तुलना करणारी टिपणी हवी. दहा पानं, एक महिना. "दोन्ही तुमच्याच ऑफिसातून निघाल्या. तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?"

नाही म्हणायला हेच कारण पुरेसं होतं. टोपीच्या माथ्यावरचा घुमट मी काढलेला आहे, एवढं एक वाक्य बोलले असते तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं. पण चौतीस वर्षांत जे कुणापुढे काढलं नाही ते फोनवर, गॅसवर दूध असताना कसं काढणार? म्हणजे काढता आलं असतं. दूध काही उतू गेलं नाही.

नवरोबा म्हणतो, "उत्तराधुनिक इमारती म्हणे! प्रश्न कुणी विचारला होता?" हा विनोद तो लग्नापासून करतोय.

७ ऑक्टोबर

टिपणीला सुरुवात. आधी कोरडी माहिती.

कपाट — चौतीस मजले, विटकरी दगड, अडतीस वर्षांचं. माथ्यावर मधोमध दुभंगलेलं त्रिकोणी शिखर, पायाशी उंच कमानी. लांबून थेट जुन्या घरातलं लाकडी कपाट दिसतं, म्हणून लोकांनी पहिल्याच महिन्यात नाव ठेवलं. टोपी — एक्केचाळीस मजले, हिरवट करडा दगड, चौतीस वर्षांची. वर आठ कोनांची मान, मानेवर घुमट. दोन्ही आमच्या ऑफिसच्या, म्हणजे थोरले साहेब आणि धाकटे साहेब यांच्या. भाऊ नव्हेत, भागीदार. आम्ही शिकाऊ मंडळी आपसांत तसं म्हणायचो. कपाट थोरल्यांचं. ते उभं राहिलं आणि वर्षभरात थोरले गेले, म्हणून टोपी धाकट्यांची. सगळीकडे असंच छापलंय.

सपाट काचेच्या डब्यांना कंटाळून त्या काळी आम्ही खांब, कमानी, शिखरं परत आणली. तेव्हा लोक हसले. आता कंपनीला पुन्हा काचेचा डबाच हवाय! नवरोबाला म्हटलं, थांब, आमच्या नातवंडांच्या काळात परत कमानी येतील. तो म्हणाला, तोवर निदान चहा दे.

११ ऑक्टोबर

दिवसभर कपाटापाशी. वही, टेप, डबा घेऊन.

थोरल्यांना इमारत डोक्यापासून काढायची सवय होती. कोऱ्या कागदावर आधी शिखर, मग उतरत उतरत पाया. आम्हाला वाटायचं, पायापर्यंत पोचेस्तोवर यांचा कागद संपणार. पण संपत नसे, आणि आज बघते तर पायाशीच त्यांनी सगळ्यात जास्त जीव ओतलाय. कमानीखाली चांगली सहा पावलं खोल सावली. भिंतीला दगडी कट्टा, गुडघ्याच्या उंचीला, कड गोलावलेली. दुपारी त्यावर चाळीस-पन्नास माणसं बसली होती. कुणी डबा खात होतं, कुणी फोनवर भांडत होतं. एक बाई बूट काढून नुसती पाय मोकळे करून बसली होती. रखवालदार कुणाला उठवत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "कट्टा बसायलाच केलाय ना?"

आतही तसंच. लिफ्टची पितळी दारं हात लागून लागून कमरेच्या उंचीवर पिवळीजर्द झालीत. फरशीतली नक्षी अशी की पाहुणा न विचारता बरोबर लिफ्टपाशी पोचतो.

खरं सांगायचं तर कपाट चांगलं आहे. टोपीपेक्षा चांगलं आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण टिपणीत लिहीन याची मला खात्री नाही.

१४ ऑक्टोबर

टोपी.

वीस मिनिटं रस्त्यापलीकडे उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघत होते. काय दिसते! आठ कोनांची मान, प्रत्येक कोनावर उभी खाच, त्यावर घुमट — जडही नाही, पोकळही नाही. मी सत्तावीस वर्षांची होते. कंपनीला "वर काहीतरी" हवं होतं आणि धाकट्यांचं डोकं थोरले गेल्यापासून चालतच नव्हतं. मी अकरा घुमट काढले आणि अकराही खोडले. कागद फाटायची वेळ आली. बारावा राहिला. धाकट्यांनी पाहिला, चष्मा काढून परत लावला, आणि म्हणाले, "खोडरबर, आता याला हात लावू नकोस." खोडरबर हे माझं ऑफिसातलं नाव. तेव्हापासून आजतागायत ते मला दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत.

पुढे पेपरात त्यांचा फोटो घुमटाच्या नमुन्यासह आला. ते "आमच्या ऑफिसची कल्पना" म्हणाले होते, छापणाऱ्याने "त्यांची" केलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही, मीही केलं नाही. तेव्हा उलट छाती फुगली होती. राग पाचेक वर्षांनी आला, आणि तोवर बोलायची वेळ गेली होती.

रस्ता ओलांडून पायाशी गेले. कमान नाही, कट्टा नाही, कोरी भिंत. वारा असा की वहीची पानं धरवेनात. मागे माल उतरवायच्या दारापाशी भिंतीवर माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत पत्रा ठोकलाय, गाड्यांचे धक्के लागू नयेत म्हणून. रखवालदार आला — "इथे थांबू नका बाई."

टोपी लांबून बघायची इमारत आहे. तळाशी आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच, मी वर होते.

१८ ऑक्टोबर

दगडांची पाहणी करणारी इंजिनिअर मुलगी कागद घेऊन घरी आली. तिशीची असेल, बारीक, बोलताना पेन्सिल कानावर. माझं पुस्तक तिने कॉलेजात वाचलंय म्हणे. तिने दोन्ही इमारतींचे नकाशे जेवायच्या टेबलावर उलगडले.

काम असं झालंय: काचा धुणारे दोरवाले झुल्यातून उतरत प्रत्येक दगड ठोकून बघतात. प्रत्येक दगडाच्या खालच्या कडेला आकडा कोरलेला आहे — बाजू, ओळ, जागा. जो सैल वाटतो त्याचा आकडा ते लिहून देतात, आणि ही मुलगी ऑफिसात बसून ते आकडे नकाशावर मांडते. कपाटात जवळपास काही नाही. टोपीच्या उत्तर बाजूला ओळ ८२ ते ८५, बावीस दगड सैल. तिने ते अगदी तळाशी, पत्र्यामागे लाल रंगवले होते. "गाड्यांचे धक्के, मॅडम. आठवड्याचं काम. मोजणीची पद्धत मी विचारून खात्री करून घेतलीय."

मी लाल चौकोन बघत राहिले.

कपाटाचे आकडे वरून खाली आहेत. थोरल्यांची पद्धत, शिखराखालची ओळ पहिली. टोपीच्या दगडांची यादी मात्र मी केली. तेव्हा दगडवाले मिस्त्री माझ्यापुढे हात जोडून म्हणाले होते, "बाई, आम्ही खालून चढतो आणि तुमचे आकडे वरून उतरतात. रोज वजाबाकी करत बसू का?" मी आकडे उलटे केले. टोपी खालून वर मोजलीय. टोपीच्या ओळी शहाऐंशी. म्हणजे ८२ ते ८५ हे तळाला नाही, पत्र्यामागे नाही. घुमटाची मान आहे ती. माझी मान.

ज्या कागदावर ही सूचना होती तो ऑफिस बंद झालं तेव्हा गहाळ झाला. हे माहीत असलेली माणसं आता जगात दोन: मी आणि धाकटे साहेब. साहेबांना तर हल्ली कालचं जेवण आठवत नाही असं त्यांची मुलगी सांगते.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "छान रेखीव काढलंयस." ती लाजली.

१९ ऑक्टोबर

काल सांगायचं राहिलं.

राहिलं नाही. सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

वाटलं, कदाचित माझीच चूक होत असेल. मिस्त्रींनी ऐन वेळी परत वरून कोरले असतील! अशी भलती आशा घेऊन दोरवाल्याला गाठलं. पन्नाशीचा माणूस, एकोणीस वर्षं दोन्ही इमारती धुतोय. त्याची स्वतःची तुलना आहे: कपाट धुवायला शहाणं, कोपरे सरळ, पाणी आपोआप वाहून जातं, टोपी नखरेल, खाचांत पाणी धरून बसते आणि दुसऱ्या दिवशी वरून ओघळ काढते. माझ्या दहा पानांपेक्षा बरं आहे हे.

पत्र्यामागचे दगड कसे बघितलेत, असं विचारलं. तो गोंधळला.

"पत्रा? तो आम्ही कधी उचकटलाच नाही."

"मग सैल कुठले?"

"वरचे की. घुमटाच्या गळ्यापाशी. चांगल्या दगडावर बोट ठोकलं की टक्क वाजतं. हे बद्द वाजतात. लिहून दिलंय मी सगळं."

दिलंय त्याने. त्याचं काम त्याने चोख केलंय. खाचांत पाणी साठतं, आतल्या लोखंडी पकडी गंजतात. आणि खाचा कुणी काढल्या? आठ कोनांवर आठ, देखण्या. बाराव्या कागदावर.

त्याने जाताना सहज विचारलं, दुरुस्ती कधी काढतायत? मी म्हटलं, काढतील लवकरच. इतक्या सराईतपणे म्हटलं की माझी मलाच किळस आली.

२८ ऑक्टोबर

धाकट्या साहेबांकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, मुलीकडे राहतात. खिडकीशी जुनं आखणीचं टेबल, त्यावर औषधांचे डबे, ते मात्र काटकोनात लावलेले. मुलगी दारातच कुजबुजली, परवा मलाच विचारलं, आई कुठे गेली म्हणून. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली.

मला ओळखलं. "खोडरबर आली!" टिपणीबद्दल विचारलं. मी म्हटलं चाललीय. थोडा वेळ थोरल्यांच्या आठवणी, तेच चार किस्से. मग चहात बिस्किट बुडवता बुडवता एकदम म्हणाले,

"टोपीच्या दगडांचे आकडे कुठून मोजले होते गं आपण? वरून का खालून?"

हे कुठून आलं यांच्या डोक्यात? आणि मी उत्तर दिलं.

"वरून, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, बिस्किट तुटून कपात पडलं तरी. मग म्हणाले, "हं. वरूनच." आणि चमच्याने बिस्किट काढायला लागले.

ज्या माणसाने मला पेन्सिल धरायला शिकवली त्याच्या विस्कटलेल्या डोक्यात मी आज एक खोटा आकडा ठेवून आले. ते बिचारे तो खरा मानून बसतील. बसमध्ये रडू येईल असं वाटलं, आलं नाही. खाली मान घालून बसले होते.

३ नोव्हेंबर

टिपणी झाली. दहाऐवजी अकरा पानं.

एकही वाक्य खोटं नाही! हाच तर कावा आहे. कपाटाच्या कट्ट्याबद्दल एक परिच्छेद, टोपीच्या घुमटाबद्दल दोन पानं. कपाट "त्या काळातल्या इतर इमारतींशी नातं सांगणारं", टोपी "एकमेव". दुरुस्तीबद्दल "पाहणी अहवाल जोडला आहे" एवढंच. निष्पक्ष दिसावं म्हणून टोपीचा एक दोष मुद्दाम घातला: पायाशी बसायला जागा नाही, कंपनीने बाकं ठेवावीत.

नवरोबाने वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "टोपीचं लग्न जमवायला घेतलंयस का? मुलीकडची वाटतेस."

मी चिडले. इतकी चिडले की तो नुसता बघत राहिला. त्याला काय माहीत. त्यालाही कधी सांगितलेलं नाही, घुमट माझा आहे म्हणून. बत्तीस वर्षांच्या संसारात!

९ नोव्हेंबर

बैठक. टोपी यादीत, कपाटाला काच. विरोधी मत एकच होतं, तेही अर्ध्या मनाने दिलेलं. अध्यक्षांनी माझ्या टिपणीचं कौतुक केलं, "इतकी समतोल". इंजिनिअर मुलीने उठून माझे आभार मानले, मॅडमनी नकाशा तपासून दिला म्हणून.

तपासून दिला! हो, तपासला होता.

१० नोव्हेंबर

थोरले साहेब असते तर त्यांनी मला काही म्हटलं नसतं. कागद पुढे ओढला असता आणि पायापासून वर बघत गेले असते. एरवी ते कधीच पायापासून सुरुवात करत नसत.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर काही लिहिलं नाही. काय लिहायचं?

स्वतःला समजावते: चौतीस वर्षं टिकलेत, आणखी चार महिने टिकतील. वसंतात दुरुस्तीसाठी पत्रा काढतील, मागचे दगड धडधाकट निघतील, चूक आपोआप उघडी पडेल, कुणीतरी वर बघेल. मी बोलायची गरजच नाही. तोवर कपाटाचा दगड उतरलेला असेल. ते मनात येतं, आणि मी दुसरा विषय शोधते. आज सगळी कपाटं आवरली. घरातली.

२५ नोव्हेंबर

सकाळपासून वारा. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आणि फोटो: "समितीच्या सूचनेनुसार टोपीच्या पायाशी चार बाकं." उत्तर बाजूला. त्या बाजूला दुपारी ऊन टाळता येतं, म्हणून.

समितीच्या सूचनेनुसार! माझ्या सूचनेनुसार.

टॅक्सी करून गेले. चारही बाकं भरली होती. दोन बायका एकच डबा मधे ठेवून जेवत होत्या. एक माणूस कोट डोक्यावर ओढून झोपला होता. शेवटच्या बाकावर एक तरुण जोडपं भांडून गप्प झालेलं. मी वर पाहिलं. इतक्या खालून मान दिसतच नाही, नुसती भिंत आभाळात गेलेली. चौतीस वर्षांत मी इथून कधी वर पाहिलंच नव्हतं.

मी त्या बायकांना म्हटलं, इथून उठा. त्या हसल्या, थोडं सरकल्या, मला बसायला जागा केली. "या ना मावशी." मी म्हटलं, नाही, उठा, वरचे दगड सैल आहेत. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कोटवाला म्हणाला, परवाच तर बाकं ठेवलीत, समितीने बघूनच ठेवली असतील. मी म्हटलं, समिती म्हणजे मीच! आता जोडपंही हसायला लागलं. वाऱ्यात केस उडालेली म्हातारी, बाकांवरून लोकांना हाकलतेय. रखवालदार आला — "बाई, परत तुम्ही?"

तिथेच भिंतीला पाठ लावून इंजिनिअर मुलीला फोन लावला.

"टोपीचे आकडे खालून आहेत. ती यादी मी केली होती. सैल दगड घुमटाच्या मानेत आहेत."

तिने हळू आवाजात विचारलं,

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे, मॅडम?"

"तू टेबलावर कागद उलगडलास तेव्हापासून."

मला वाटलं ती फोन आपटेल. ती म्हणाली, "रखवालदाराला फोन द्या." पाच मिनिटांत बाकं रिकामी झाली. रखवालदाराचं लोक लगेच ऐकतात. पोलीस येऊन दोरी बांधेपर्यंत मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले, आणि परत येताना चालत आले. पाय इतके दुखले, बरं वाटलं.

घरी आल्यावर नवरोबाला सगळं सांगितलं, घुमटापासून. तो बराच वेळ बोटाने टेबलावरचा थेंब पुसत बसला. "इतकी वर्षं मी त्या इमारतीला नावं ठेवत होतो," म्हणाला. "एकदा तरी सांगायचंस." दगडांबद्दल काहीच बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

२८ नोव्हेंबर

रस्ता दोन्हीकडून बंद. दोरवाला झुल्यातून वर गेला, मी अध्यक्षांच्या दुर्बिणीतून बघत होते. त्याने उत्तरेच्या कोपऱ्यात एका दगडाला दोन्ही हातांनी धरलं, आणि तो दगड दुधाच्या दातासारखा निघून त्याच्या हातात आला. त्याने तो मांडीवर घेतला. मग वरून आम्हाला हात केला. ज्या बाकावर बायका जेवत होत्या ते सरळ खाली होतं.

अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर आहे.

२ डिसेंबर

बैठक परत. माझी टिपणी रद्द, मी समितीतून बाहेर. कपाट यादीत गेलं. टोपीचा घुमट आधी उतरवणार, मग बाकीचा दगड. मी लेखी दिलं: आकड्यांची माहिती फक्त मला होती, मी लपवली, इंजिनिअर बाईंचा दोष नाही. तरी तिच्या ऑफिसने तिला नोटीस काढली. पद्धतीची खात्री कुणाकडून केली, पुरावा द्या. तिने नुसती पेन्सिल कानावरून काढून परत ठेवली.

घुमट जाणार याचं वाईट वाटेल असं धरून चालले होते. वाटलं. पण त्या मुलीकडे बघून जे वाटलं त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही.

६ डिसेंबर

इंजिनिअर मुलगी आली. पिशवीतून पाहणीची वही काढली आणि म्हणाली, हे मी अजून कुणाला दाखवलं नाहीये, म्हातारा माणूस, विसरले असतील.

तारीख १० ऑक्टोबर, त्या दिवशी सैल ओळींचे आकडे दाखवून तिने धाकट्या साहेबांकडून मोजणीची पद्धत लिहून घेतली होती. मी साहेबांकडे गेले त्याच्या अठरा दिवस आधी. त्यांचं अक्षर, पेन्सिलीचं, ताठ, एकही रेघ हललेली नाही. "दोन्ही इमारती. ओळी वरून." खाली सही. पण "वरून" या शब्दाखालचा कागद उगाळलेला होता. मी वही उजेडात तिरकी धरली. सगळा जन्म खोडण्यात गेला, मला खोडलेलं वाचता येतं. आधी "टोपी — खालून" लिहिलं होतं.

विसरले नव्हते. काहीच विसरले नव्हते. चहा पिताना मला विचारलं ते, मी काय म्हणते ते बघायला!

सहीखाली आणखी एक ओळ होती. "टोपी आमच्या खोडरबरची आहे. यादीत नाव तिचं लावावं."

मुलगी म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी हे पान लावत नाही. नोटिशीचं बघेन काहीतरी. पण मॅडम, खोडरबर कोण?"

लाव म्हटलं. मग कोण ते सांगितलं.